क्विक रिलीजचं चाक पुन्हा पुन्हा सैल होतंय? लिव्हरपासून फोर्कपर्यंत तपासायचा क्रम

चाक काढलं, बसवलं, लिव्हर दाबली, चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. ही तक्रार असलेल्या क्विक रिलीजच्या (म्हणजे पान्ह्याशिवाय, लिव्हरने चाक काढता-बसवता येणाऱ्या) सायकली मी अनेक वर्षं दुरुस्त करते आहे. दहातल्या सात-आठ वेळा काहीही विकत आणावं लागत नाही, फक्त हाताची सवय बदलावी लागते. पण उरलेल्या दोन-तीन सायकलींमध्ये दोष खरोखर धोकादायक असतो. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या आणि खर्चाच्या नंतर, हा क्रम मी कधी मोडत नाही.

लक्षणं

- पुढचा ब्रेक दाबताच फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्याच्या) टोकाशी ‘टक्’ असा एकच आवाज येतो. ब्रेक सोडल्यावर कधी कधी दुसरा.
- लिव्हर एका बोटाने सहज उघडते.
- काल मागच्या बाजूला वळलेली लिव्हर आज खाली किंवा पुढे वळलेली दिसते.
- चाकाला हात लावलेला नसतानाही ब्रेक घासायला लागतो. रिम फोर्कच्या दोन पायांच्या मधोमध राहत नाही.
- चढावर जोर लावला की मागचं टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासतं.
- ज्या खाचेत अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, बसतो (दुकानात तिला ड्रॉपआउट म्हणतात) तिच्या कडेला ताजे, चकाकणारे ओरखडे दिसतात.
- पुढचं चाक उचलून आडवं हलवलं की खुळखुळतं.

पहिल्या तीनपैकी एकही दिसलं तर तपासणी पूर्ण होईपर्यंत सायकलवर बसू नका, हाताने ढकलत न्या. मागचं चाक सरकलं तर टायर घासून तुम्ही थांबता. पुढचं निसटलं तर फोर्कची टोकं थेट रस्त्यात रुततात आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. सावरायला वेळच मिळत नाही.

आधी ही वस्तू काम कशी करते ते

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोकळ अ‍ॅक्सलमधून साधारण ५ मिमी जाडीची एक दांडी जाते. तिला स्क्युअर म्हणतात. तिच्या एका टोकाला नट असतो, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हरच्या मुळाशी कॅम असतो, म्हणजे मध्यापासून जरा सरकलेल्या आसावर फिरणारा तुकडा. लिव्हर पालथी केली की कॅम दांडीला ताणतो आणि दोन्ही टोकं ड्रॉपआउटला बाहेरून आवळतात. सर्वाधिक ताणाचा बिंदू ओलांडून कॅम किंचित पुढे जातो, म्हणून लिव्हर बंद झाल्यावर आपोआप उघडत नाही. चाक धरून ठेवणारी सगळी पकड या ताणातून येते.

माझ्या भाच्याची सायकल एका महिन्यात तीनदा माझ्याकडे आली. “आत्या, ब्रेक पुन्हा घासतोय.” दोन वेळा मी लिव्हर नीट बसवून दिली आणि सायकल परत पाठवली. तिसऱ्या वेळी दादाला म्हटलं, “तू चाक बसवतोस कसं, ते माझ्यासमोर करून दाखव.” त्याने उघडी लिव्हर धरली आणि घड्याळाच्या काट्यासारखी गरागरा फिरवली. फिरायची थांबली तशी वळवून फोर्कला लावली आणि म्हणाला, “बघ, किती घट्ट आहे.” मी करंगळीने ढकलली, लिव्हर उघडली. तो लिव्हरला पंखवाल्या नटासारखा पिळत होता आणि कॅमचा उपयोगच होत नव्हता. ही चूक शहाणीसुरती, हाताने काम करणारी माणसंही करतात, कारण लिव्हरचा आकारच पिळायला बोलावतो. इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांचं नाव या यंत्रणेशी जोडलं जातं. १९३३ मध्ये त्यांनी कंपनी सुरू केली तेव्हा शर्यतीच्या सायकलींची चाकं पंखवाल्या नटांनीच बसवलेली असत. क्विक रिलीज आलं ते त्या पिळण्यातून सुटका व्हावी म्हणून.

पहिली तपासणी: लिव्हर खरोखर बंद आहे का?

काही लागत नाही, फक्त डोळे. बहुतेक लिव्हरवर एका बाजूला ‘ओपन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘क्लोज’ असं कोरलेलं असतं. चाक बसवल्यावर बाहेरून पाहताना ‘क्लोज’ दिसायला हवं. ही अक्षरं शोभेची नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे सायकलींसाठीचे नियम १९७६ पासून लागू आहेत. लिव्हर चालवणाऱ्याला स्पष्ट दिसली पाहिजे आणि ती बंद आहे की उघडी हे तिच्यावरूनच कळलं पाहिजे, असं ते सांगतात. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातही उघडी-बंद स्पष्ट ओळखू यावी अशी अपेक्षा आहे. अक्षरं झिजून गेली असतील किंवा लिव्हर इतकी वाकली असेल की उघडी-बंद ओळखू येत नाही, तर तो स्क्युअर बदला. ज्या घरात एक सायकल चार जण वापरतात तिथे तर नक्कीच.

दुसरी: पकड तळहाताला सांगू द्या

बहुतेक सायकली याच पायरीवर बऱ्या होतात, म्हणून ही घाईने करू नका.

लिव्हर पूर्ण उघडा. एका हाताने ती स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने समोरचा नट थोडा थोडा आवळत जा. अधूनमधून लिव्हर मिटून बघा. ती अर्ध्या वाटेवर, म्हणजे दांडीच्या रेषेत सरळ बाहेर आलेली असताना विरोध जाणवायला लागला पाहिजे. त्याआधी लागला तर नट जास्त आवळलाय. जवळजवळ मिटल्यावर लागला तर कमी. मग चार बोटं फोर्कच्या पायाला वेढून घ्या आणि तळहाताने लिव्हर दाबून बंद करा. हात उचलल्यावर तळव्यावर लिव्हरचा लालसर वळ क्षणभर दिसला पाहिजे. उघडताना बोटं लिव्हरखाली घालून जोर लावावा लागला पाहिजे.

आयएसओच्या मानकात या जोराला आकडे आहेत. बंद करायला २०० न्यूटनपेक्षा जास्त बळ लागता कामा नये आणि उघडायला ५० न्यूटनपेक्षा कमी पुरता कामा नये. म्हणजे बंद करताना फार तर २० किलो उचलण्याइतका जोर आणि उघडताना निदान ५ किलोंइतका. करंगळीने उघडणारी लिव्हर यात बसत नाही. उलट ती मिटवायला हातोडीची मूठ लागत असेल तर तेही चूक. जास्त ताणाने दांडीचे आटे आणि कॅम दोन्ही लवकर जातात. लिव्हर मिटवायला नळीचा तुकडा किंवा पक्कड कधीही लावू नका.

ताण ठरवता येण्यासाठी नट फिरता असणं हीसुद्धा नियमातलीच अट आहे. नट गंजून अडकला असेल तर त्या स्क्युअरवर वेळ घालवू नका.

तिसरी: चाक खाचेच्या तळाशी टेकलंय का?

पुष्कळ जण सायकल उलटी करून चाक बसवतात. तेव्हा चाकाच्या वजनाने अ‍ॅक्सल खाचेत टेकतो, पण जरासा तिरका राहू शकतो. लिव्हर त्या तिरक्या अवस्थेतच आवळली जाते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला अ‍ॅक्सल आपल्या जागी सरकतो. ‘टक्’ बऱ्याचदा तोच असतो. त्यानंतर ताण उतरलेला असतो.

सायकल सरळ उभी करा, दोन्ही चाकं जमिनीवर. लिव्हर उघडा, हँडलवर वरून दाब द्या म्हणजे अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी टेकेल, आणि दाब न सोडता लिव्हर बंद करा. रिम आणि फोर्कचे पाय यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. दर वेळी एकाच बाजूला कललेलं दिसलं तर चाक उलटं फिरवून बसवून बघा (डिस्क ब्रेक नसेल तरच). कल बाजू बदलत असेल तर दोष चाकात, बदलत नसेल तर फोर्कमध्ये.

चौथी: दोन स्प्रिंग

स्क्युअरवर दोन्ही बाजूंना एकेक शंकूच्या आकाराची छोटी स्प्रिंग असते. तिचं निमुळतं टोक आत, हबच्या दिशेने हवं आणि रुंद टोक बाहेर. उलटी बसली तर ती ड्रॉपआउट आणि नट यांच्या मध्ये चेपली जाते आणि दांडी धातूऐवजी तारेला आवळत राहते. हाताला घट्ट लागतं, दोन दिवसांत सैल होतं. स्प्रिंग हरवली असेल तर घाबरू नका. ती पकड देत नाही, चाक बसवताना नट मध्यावर ठेवते इतकंच.

पाचवी: चावणाऱ्या बाजू

स्क्युअरच्या दोन्ही टोकांच्या आतल्या चकत्यांवर बारीक दाते असतात. अमेरिकन नियमात एक साधा निकष आहे: आवळल्यावर या पकडीचा ठसा फ्रेमवर किंवा फोर्कवर उमटला पाहिजे. अपवाद फक्त कार्बन फायबरचा. म्हणून धातूच्या फोर्कवर दात्यांची वर्तुळाकार खूण दिसली तर ती इजा समजून पॉलिश करू नका. खूण नसेल, किंवा एकावर एक तीन-चार वर्तुळं पसरलेली असतील, तर पकड घसरते आहे.

ड्रॉपआउटच्या दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा. तेल, चिखल, नव्या रंगाचा जाड थर, सगळं पकड खातं. रंग दबत जातो तसा ताण कमी होतो. त्यामुळे नव्याने रंगवलेल्या फ्रेममध्ये चाक पहिले काही दिवस सैल होणं मला नेहमी दिसतं. कॅमला मात्र थेंबभर तेल हवंच, कारण कोरडा कॅम हाताला खोटं सांगतो: तुम्हाला जाणवणारा विरोध घर्षणाचा असतो, ताणाचा नसतो. तेल देताना स्क्युअर काढून बाजूला न्या. डिस्कवर उडालेला एक थेंब ब्रेक निकामी करू शकतो.

सहावी: खाचेचे ओठ शाबूत आहेत का?

पुढच्या ड्रॉपआउटच्या टोकाला बाहेरच्या बाजूने छोटे उंचवटे असतात. काही सायकलींत त्याऐवजी आकडेवाला वॉशर असतो. लिव्हर उघडल्यावरही नट चार-पाच वळसे सैल केल्याशिवाय चाक निघू नये, एवढंच त्यांचं काम. लोकांना हा वैताग वाटतो. पटकन निघणारं चाक पटकन निघत नाही, मग कोणीतरी कानस घेतं आणि ते ओठ घासून टाकतं. अशी सायकल मी ताबडतोब बाजूला काढते.

इथे दोन नियमांत फरक आहे, तो माहीत असलेला बरा. अमेरिकन नियम पुढच्या चाकाला अशी दुसरी राखण सक्तीची करतो, पण लिव्हरवाल्या क्विक रिलीज हबला त्यातून सूट देतो. आयएसओ ४२१० ती सूट देत नाही, क्विक रिलीज असलं तरी दुसरी राखण हवीच. त्यामुळे नियमात बसणाऱ्या एखाद्या सायकलला ओठ नसणं शक्य आहे. तुमच्या फोर्कला मुळातच नसतील तर दुसरी आणि तिसरी तपासणी प्रत्येक वेळी करणं भाग आहे. होते आणि घासले गेले असतील तर फोर्क बदलण्याबद्दल जाणकाराशी बोला. वेल्डिंग करून ते परत येत नाहीत.

आणि ओठ आहेत म्हणून लिव्हर सैल चालेल, असं समजू नका. आयएसओच्या चाचणीत लिव्हर बंद असताना पुढच्या अ‍ॅक्सलवर बाहेरच्या दिशेने २३०० न्यूटन बळ एक मिनिट लावतात आणि अ‍ॅक्सल जराही हलता कामा नये. लिव्हर उघडी असताना ओठांची परीक्षा फक्त १०० न्यूटनची असते. एक ओझं दोन-तीन माणसांच्या वजनाइतकं, दुसरं बाजारातल्या पिशवीइतकं. चाक सैल झाल्याचं तुमच्या लक्षात येईपर्यंत ते खाली पडू न देणं, एवढ्यासाठीच ओठ आहेत.

सातवी: पुढे डिस्क ब्रेक असेल तर

डिस्क ब्रेकवाल्या सायकलीत दोन जास्तीच्या गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली लिव्हरची. काही जुन्या लिव्हर १८० अंशांच्याही पुढे उघडतात. अशी उघडी राहिलेली लिव्हर फिरत्या डिस्कमध्ये अडकली तर चाक एका क्षणात थांबतं किंवा निखळतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रेक या सायकल कंपनीने याच कारणासाठी अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून दहा लाखांच्या घरातल्या सायकली परत बोलावल्या. त्या २००० सालापासूनच्या मॉडेलच्या होत्या. नोंदलेल्या अपघातांपैकी एकात चालवणाऱ्याचे हातपाय लुळे पडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी १३ कंपन्यांनी सुमारे १३ लाख सायकलींसाठी तीच सूचना काढली. घरी करायची तपासणी सोपी आहे. लिव्हर पूर्ण उघडा, डिस्कच्या दिशेने जाईल तेवढी नेऊन ठेवा आणि दोहोंमधलं अंतर बघा. ते ६ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर स्क्युअर बदला. मोजपट्टी नसेल तर साधी पेन्सिल आत सरकवून बघा, ती साधारण ७ मिमी जाड असते. नुकती चालवलेली सायकल असेल तर डिस्कला बोट लावू नका, भाजतं.

दुसरी गोष्ट बळाची. रिम ब्रेक चाकाच्या कडेला धरतो, डिस्कचा पॅड केंद्राजवळ. १६० मिमीच्या डिस्कवर पॅड केंद्रापासून सुमारे ७ सेंमीवर असतो, तर टायर जमिनीला ३४ सेंमीवर टेकतं. म्हणून टायरशी जेवढं थांबवणारं बळ, त्याच्या जवळजवळ पाच पट बळ पॅडला डिस्कवर लावावं लागतं. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा ब्रेकचा भाग, फोर्कच्या मागे असला की हे बळ हबला खाली ढकलतं, आणि खाच खालीच उघडते! ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स अनन यांनी २००३ मध्ये हा मुद्दा जाहीरपणे मांडला तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. ब्रेक, खड्डा, पुन्हा ब्रेक, अशा उलटसुलट झटक्यांनी अर्धवट आवळलेला स्क्युअर हळूहळू सैल होतो. उतारावरून उतरल्यावर दर वेळी लिव्हर ढिली मिळत असेल तर कारण बहुधा हेच. आडव्या, बंद भोकातून जाणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल (पुढे १२, १५ किंवा २० मिमी) डिस्क ब्रेकवाल्या सायकलींमध्ये रुळला, त्यामागे हेही एक कारण आहे. तिथे अ‍ॅक्सल बाहेर पडायला खाचच नसते.

आठवी: लिव्हर घट्ट, चाक मात्र हलतं

हे कोडं सोडवायला मला सुरुवातीला खूप वेळ लागला होता. स्क्युअर पूर्ण काढा आणि चाक खाचेत नुसतं टेकवून ठेवा. आता हबच्या पोकळ अ‍ॅक्सलचं टोक बघा. ते ड्रॉपआउटच्या बाहेरच्या पातळीपेक्षा किंचित आत असलं पाहिजे. बाहेर डोकावत असेल तर नट आणि लिव्हर अ‍ॅक्सलच्याच दोन टोकांना आवळत बसतात, फोर्कला लागतच नाहीत. लिव्हर दगडासारखी घट्ट, आणि चाक मोकळं. हब बदलल्यावर, बेअरिंगचं काम झाल्यावर किंवा पातळ ड्रॉपआउटच्या फोर्कमध्ये दुसऱ्या सायकलचं चाक घातल्यावर हे होतं. अ‍ॅक्सल एका बाजूला सरकला असेल तर मधोमध आणता येतो. लांबच असेल तर योग्य लांबीचा घालावा लागतो. घासून आखूड करणं दुकानदारावर सोडा.

नववी: स्क्युअर बदला

इथवर सगळं ठीक आणि तरीही सैल होतंय, तर पैसे खर्च करायची वेळ आली. दांडी सपाट टेबलावर लोळवून बघा, वाकलेली लगेच कळते. आटे चपटे झाले असतील, नट हाताला लटपटत असेल, कॅमजवळ केसासारखी चीर असेल, तर वापरू नका. नवा घेताना कॅम आत झाकलेला असलेला, पोलादी दांडीचा घ्या. बाहेर उघडा कॅम आणि त्याखाली प्लॅस्टिकची चकती असलेले हलके स्क्युअर दिसायला छान असतात, पण तेवढ्याच जोराला ते कमी आवळतात आणि धूळ बसली की आणखी कमी. मागचं चाक सरकणाऱ्या सायकलींत नुसत्या या बदलाने काम झालेलं मी कितीदा पाहिलंय. लांबी बघून घ्या: पुढचा फोर्क बहुधा १०० मिमीचा, मागची फ्रेम १३० किंवा १३५ मिमीची. दांडीचे आटे नटात पूर्ण शिरले पाहिजेत.

इथे थांबा

चाकाचा खुळखुळाट लिव्हर नीट आवळल्यावरही राहत असेल तर एकदा रिमजवळ हलवून बघा आणि एकदा अ‍ॅक्सलचं टोक बघा. अ‍ॅक्सल खाचेत स्थिर, पण चाक त्याभोवती हलतंय, तर बेअरिंग सैल आहे. कोनचे (बेअरिंग आवळणाऱ्या शंकूसारख्या नटांचे) पातळ पान्हे आणि सवय नसेल तर ते मेकॅनिककडे द्या. चुकीचं आवळलं तर हब कायमचा जातो.

पुढच्या गोष्टींत मात्र प्रयोग करूच नका: ड्रॉपआउटला चीर, खाच रुंदावलेली किंवा वाकलेली, ओठ घासलेले, कार्बनच्या फोर्कवर स्क्युअरखाली भेग किंवा भुगा, सायकल पडल्यानंतर सुरू झालेला दोष, आणि नवा स्क्युअर घालूनही आठवडाभरात पुन्हा सैल झालेलं पुढचं चाक. वाकलेला ड्रॉपआउट हातोडीने सरळ दिसायला लागतो, पण दोन्ही बाजू समांतर नसतील तर अ‍ॅक्सलवर तिरका ताण येऊन तोही मोडतो. सायकल नवी असेल तर फ्रेमचा क्रमांक टिपून बनवणाऱ्या कंपनीकडे चौकशी करा. परत बोलावलेल्या सायकलींत स्क्युअर बहुधा मोफत बदलून मिळतो.

दुरुस्ती झाल्यावर

पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि टायरवर वरून मुठीने दोन-तीन दणके द्या. अ‍ॅक्सल तसूभरही सरकता कामा नये. मग सायकल धरून चालत पुढचा ब्रेक दाबा, पुढे ढकला, मागे ओढा. आवाज नाही, तर मोकळ्या जागेत हळू वेगात पाच-सहा वेळा ब्रेक लावा आणि उतरून लिव्हर पुन्हा तपासा. लिव्हरचं टोक पुढच्या दिशेला ठेवू नका, झुडपात किंवा दुसऱ्या सायकलीत अडकून ती उघडते. मागे किंवा फोर्कच्या पायालगत वर वळवा, पण मिटवताना मध्ये फोर्क येणार नाही एवढी जागा सोडा.

भाच्याच्या सायकलीवर मी आणखी एक केलं. लिव्हर बंद केल्यावर नटावरून ड्रॉपआउटवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, आणि तशीच एक लिव्हरच्या टोकाशी फोर्कवर. निघण्याआधी तो खाली वाकून दोन्ही रेघा बघतो. रेघ तुटलेली दिसली तर लिव्हर फिरली आहे, सायकलवर बसायचं नाही आणि दुसऱ्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात.